कोंबड्यांची हिवाळी घरे

कोंबडीला थंडी बाधते, म्हणून तिचे घर बंद आणि उबदार असावे, हा समज फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात शेतीवर ग्रंथ लिहिणारा रोमन लेखक कोलुमेला खुराड्याचे तोंड हिवाळ्यातील सूर्योदयाकडे ठेवावयास सांगतो, आणि ते भट्टीला किंवा स्वयंपाकघराला लागून असावे असेही सुचवितो. धूर या पक्ष्यांना विशेष हितकर, अशी त्याची समजूत होती. इटलीच्या सौम्य हिवाळ्यात हे खपूनही गेले असेल.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या ईशान्य भागातील शेतकऱ्यांनी हीच कल्पना टोकाला नेली. दुहेरी भिंती, काचेच्या मोठ्या खिडक्या, फटी बुजविलेल्या, क्वचित शेगडीही. आणि पहाटे दार उघडावे, तो भिंतींवर आतून हिम चढलेले, खालचा पेंढा ओला आणि डोळे चुरचुरविणारा अमोनियाचा दर्प! एवढी काळजी घेऊनही पक्षी नाक-डोळ्यांच्या रोगाने मरत.

दोष थंडीचा नव्हता. कोंबडीच्या शरीराचे उष्णतामान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. तिला घाम येत नाही; शरीरातील पाणी श्वासावाटे आणि विष्ठेवाटे बाहेर पडते, आणि ताज्या विष्ठेत सुमारे तीन-चतुर्थांश पाणीच असते. बंद घरात ही वाफ जाणार कोठे? थंड भिंतीला लागताच तिचे पाणी होते व पुढे बर्फ. पिसांत कोंडलेली कोरडी हवा हेच कोंबडीचे खरे पांघरूण. पिसे ओलसर झाली की ते निकामी ठरते. तुराही कोरड्या थंडीपेक्षा दमट थंडीत अधिक लवकर हिमदग्ध होतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी मेन राज्याच्या कृषी प्रयोगकेंद्रात प्राध्यापक गोवेल यांनी निराळे घर रूढ केले. मेनचा हिवाळा म्हणजे शून्याखाली वीस-पंचवीस अंशांचीही थंडी. अशा ठिकाणी त्यांनी घराच्या दर्शनी भिंतीचा काही भाग कापडी पडद्याचा ठेवला! वादळ नसेल तर दिवसा तो उघडावयाचा. मागच्या बाजूस बसण्याच्या दांड्या, आणि कडाक्याच्या रात्री त्यांच्यापुढे दुसरा पडदा. जमिनीवरच्या कोरड्या पेंढ्यात धान्य विखुरलेले असे. ते उकरण्यातच कोंबड्यांना ऊब येई. १९०९ साली अमेरिकेच्या कृषिखात्याने या पद्धतीवर पुस्तिका काढली.

डॉ. प्रिन्स वुड्स यांनी १९१२ च्या आपल्या पुस्तकात आणखी धीट भूमिका घेतली. त्यांच्या घराची दक्षिण बाजू केवळ जाळीची. मात्र उरलेल्या तिन्ही भिंती घट्ट आणि घर खोल, त्यामुळे वारा आरपार न जाता हवा तेवढी बदलत राही. वाऱ्याचा झोत आणि हवेची ये-जा यांतील हा भेद लक्षात न आल्यामुळेच अनेकांनी खिडक्या बुजविल्या होत्या.

पुढे हजारो पक्ष्यांच्या बंदिस्त शेड आल्या आणि पडद्यांची जागा विजेच्या पंख्यांनी घेतली. उबविण्याला पैसा लागतो, तरीही थंड प्रदेशांतील शेडमध्ये ऐन हिवाळ्यात हे पंखे घड्याळाच्या हिशेबाने थोडा-थोडा वेळ चालविले जातात. आतली वाफ बाहेर काढणे, हे त्यांचे तेव्हाचे मुख्य काम.