जपानमधील पंचमहाभूते

पृथ्वी, आप, तेज, वायू व आकाश ही पंचमहाभूते जपानमध्येही याच क्रमाने मानली जातात. तेथे त्यांस ‘गोदाई’ म्हणतात. लाकूड, अग्नी, माती, धातू व पाणी हे तेथील दुसरे पंचक चीनमधून आले. गोदाईचे मूळ मात्र भारतीय होय.

कूकाई (774–835) हा जपानी भिक्षू 804 साली चीनला गेला. चांगआन नगरीत त्याने आचार्य हुइ-को यांजकडून मंत्रमार्गाची दीक्षा घेतली, आणि भारतात अध्ययन केलेल्या प्रज्ञ नामक पंडिताजवळ तो संस्कृत शिकला. 806 साली तो स्वदेशी परतला. 816 साली मठासाठी त्यास कोया पर्वत मिळाला. पंचमहाभूतांस विज्ञान, म्हणजे चैतन्य, हे सहावे तत्त्व जोडून त्याने जड व चेतन यांचे ऐक्य प्रतिपादिले.

पुढे बाराव्या शतकापर्यंत या विचारास पाषाणरूप आले. ‘गोरिन्तो’ या स्मृतिस्तूपात तळाशी चौकोनी पृथ्वी, तीवर गोल जल, मग त्रिकोणी अग्नी, अर्धचंद्राकृती वायू आणि शिखरावर मण्याच्या आकाराचे आकाश असते. कित्येकांवर अ, व, र, ह, ख ही बीजाक्षरे सिद्धम् लिपीत कोरलेली आढळतात. थडग्यामागे उभ्या करावयाच्या लाकडी फळीस ‘सोतोबा’ म्हणतात. हा शब्दही ‘स्तूपा’चाच अपभ्रंश होय.

भारतात सिद्धम् लिपी व्यवहारातून केव्हाच लोपली. ज्यांची मातृभाषा संस्कृत कधीच नव्हती, अशा जपानी भिक्षूंनी ती पिढ्यानुपिढ्या गिरवून जिवंत ठेविली. वारसा नित्य गिरविणाऱ्याजवळच राहतो, हेच त्या पाच अक्षरांचे सांगणे आहे.