झोप, स्वतःहून लागणारी (संयुक्त अरब अमिरातीतील मराठी घरे)

एक ते तीन वर्षांच्या मुलाला थोपटल्यावाचून, कडेवर फिरवल्यावाचून किंवा तोंडात दुधाची बाटली दिल्यावाचून रात्री झोप लागणे. तसेच त्यासाठी पालकांनी लावलेली सवय. मूल जागेपणी अंथरुणात जाते आणि डोळा लागेपर्यंतचा शेवटचा टप्पा आपला आपण पार करते, एवढेच यात अपेक्षित आहे. वेगळी खोली ही अट नाही. दुबईच्या करामा किंवा बर दुबईत, शारजाच्या अल नाहदात एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुटुंबाकडे ती बहुधा नसतेच. आईवडिलांच्या पलंगाशेजारी घातलेली गादी पुरते.

या वयात झोपेचे एक चक्र साधारण तासाभराचे असते. चक्र संपताना मूल चाळवते आणि संध्याकाळी ज्या स्थितीत डोळा लागला होता तीच शोधते. पायांवर झुलवून निजवलेले मूल रात्री दोन वाजताही पायच मागते. त्यामुळे मध्यरात्रीच्या रडण्यावरचा इलाज निजायच्या वेळीच करावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या शिफारशीनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसह 11 ते 14 तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास झोप हवी. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या, 17 देश-प्रदेशांतील 29,287 लहान मुलांच्या पाहणीत निजायची सरासरी वेळ न्यूझीलंडमध्ये साडेसातच्या सुमारास, तर हाँगकाँगमध्ये सव्वादहाच्या पुढे आढळली. आशियाई घरांत मुले उशिरा आणि पालकांच्याच खोलीत झोपतात, हेही त्यात दिसले. मराठी कुटुंब ही सवय सोबत घेऊनच अमिरातीत येते.

तिथले हवामान आणि नोकऱ्या त्यात भर घालतात. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि जूनअखेरीस सूर्य सातनंतर मावळतो, म्हणून बागेतला खेळच रात्री सुरू होतो. शारजा-अजमानहून दुबईला कामाला जाणारे वडील ट्रॅफिकमधून सुटून आठला घरी पोहोचतात. मुलाशी खेळायची त्यांची वेळ तीच. त्याच सुमारास भारतात साडेनऊ वाजलेले असतात आणि आजी-आजोबांना आडवे होण्याआधी नातवंड पाहायचे असते. व्हॉट्सॲपवरून कॉल होत नसल्याने बोटिम ॲपवर फोन लागतो, दिवाणखान्यातले सगळे दिवे लागतात आणि पेंगुळलेले मूल टक्क जागे होते. अमेरिकेत 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात निजण्याआधी तासभर प्रखर उजेडात बसवलेल्या बालकांचे मेलाटोनिन, म्हणजे झोपेची चाहूल देणारे संप्रेरक, जवळपास 88 टक्क्यांनी घटले होते. फोनचा पडदा तितका प्रखर नसतो, पण त्यावरची आजी मुलाला हसवत असते. हा कॉल संध्याकाळी सहाला घ्यावा हे उत्तम. तिकडे तेव्हा मालिकांची वेळ असते, एवढीच अडचण.

साडेदहाला झोपणाऱ्या मुलाला एकदम आठला अंथरुणात घातले तर तास-दोन तास रडारडच होते. अशा घरांसाठी सर्वांत व्यवहार्य उपाय म्हणजे वेळ हळूहळू मागे सरकवणे. आधी मूल खरोखर ज्या वेळी झोपते तीच वेळ धरायची, सकाळी उठण्याची वेळ पक्की ठेवायची आणि दर दोन-तीन रात्रींनी पंधरा मिनिटे अलीकडे यायचे. दुपारची झोप तीनच्या सुमारास संपवावी. पाळणाघरात ती चारपर्यंत चालत असेल तर तिथल्या ताईंशी बोलणे भागच आहे.

निजण्याआधीचा क्रम रोज एकच असावा. 405 मातांना घेऊन केलेल्या 2009 च्या अभ्यासात दोन आठवड्यांच्या ठरावीक क्रमाने मुले लवकर झोपू लागली आणि रात्री उठणेही कमी झाले. अंघोळ, दूध, दात घासणे, एक गोष्ट, मंद दिवा. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीमुळे थंड नळालाही कढत पाणी येते, म्हणून बालदी आधीच भरून ठेवावी लागते. अंगाई सोडायची गरज नाही. ती डोळे मिटण्याआधी थांबवली की झाले. बागुलबुवा मात्र या क्रमात नको, कारण अंधाराची भीती घातलेले मूल एकटे पडून राहणार नाही.

मूल उठून बसत असेल तर आईने किंवा बाबांनी गादीशेजारी खुर्ची टाकून न बोलता बसावे आणि काही रात्रींनी खुर्ची दाराकडे सरकवत न्यावी. अमेरिकन डॉक्टर रिचर्ड फर्बर यांनी 1985 च्या पुस्तकातून लोकप्रिय केलेली, वाढत्या अंतराने डोकावून येण्याची पद्धतही परिणामकारक आहे. अशा पद्धतींनी मुलाच्या मनावर कायमचा ओरखडा उठतो, ही भीती ऑस्ट्रेलियातील 326 मुलांच्या पाठपुराव्यात (2012) खरी ठरली नाही. मात्र ती मुले उपाय सुरू झाले तेव्हा एक वर्षाच्याही आतली होती. पातळ भिंतींच्या इमारतीत शेजाऱ्यांचा विचार करता खुर्चीच सोयीची.

रमजानमधली उशिरापर्यंतची वर्दळ, जुलै-ऑगस्टची भारतवारी, व्हिजिट व्हिसावर महिना-दोन महिने आलेली आजी, यांत घडी विस्कटते. आजीला थोपटू द्यावे. तिच्या परतीनंतर काही रात्री पुन्हा खुर्ची टाकता येते.

स्वतःहून झोपणारे मूल स्वतःहून उठतेही. उंच इमारतीत गादी किंवा पलंग खिडकीला लागून ठेवू नये, खिडकी-बाल्कनीला मुलाला न उघडणारे कुलूप असावे. रोज मोठ्याने घोरणारे, तोंडाने श्वास घेणारे मूल आधी बालरोगतज्ज्ञाला दाखवावे. वाढलेल्या टॉन्सिल-अ‍ॅडिनॉइडमुळे होणारी जाग सवयीने जात नाही.