बाकांची गाडी

‘आमिश फर्निचर’ म्हटलं की ओकचं भलंमोठं डायनिंग टेबल आठवतं. पण मंडळी, खुद्द आमिश लोकांचा मोठा पाहुणचार चालतो साध्या बाकांवर!

१६९३ च्या सुमारास याकोब आमानच्या मागे हा पंथ वेगळा झाला. स्वित्झर्लंडमध्ये त्यांच्या पूर्वजांचा छळ व्हायचा, म्हणून प्रार्थना घरातच, लपूनछपून. पेनसिल्व्हेनियात भीती सरली, पद्धत राहिली. बहुतेक आमिश आजही चर्च बांधत नाहीत. एक रविवार सोडून, पाळीपाळीने एकेका घरी वीस-तीस कुटुंबं जमतात. बाकं घोडागाडीतून येतात. प्रार्थना झाली की तीच बाकं जोडून जेवणाची टेबलं. आमच्या भाषेत, कोड रीयूज!

पुढे शेतजमीन महागली आणि बरेच जण सुतारकामात शिरले. त्यांचं टेबल आता कुणालाही विकत मिळतं. पाळी मात्र मिळत नाही.