माळवद ते स्लॅब

सोयगाव तालुक्यात मी ग्रामसेवक होतो. आकारणीचं वर्ष आलं की हातात टेप, बरोबर शिपाई आणि काखेत नमुना 8 ची आकारणी वही. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमानं घरपट्टीचा अधिकार ग्रामपंचायतीला दिला आणि 1960 च्या कर व फी नियमांनी ती कशी बसवायची हे ठरवून दिलं. त्या नियमांत घरांच्या पायऱ्या आहेत: झोपडी नाहीतर मातीचं घर, दगड-विटांचं पण मातीत बांधलेलं, चुना-सिमेंटातलं पक्कं आणि आरसीसी. आमच्याकडची गावं याच पायऱ्यांनी चढत गेली, म्हणून जुनी वही मला बखरीसारखी वाटते.

खालची पायरी म्हणजे धाब्याचं घर. हातभर जाडीच्या भिंती, लाकडी खांबांवर सर, वर कड्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचं माळवद. मिरगाआधी माती चढवायची, नाहीतर आषाढात घरभर पातेली मांडावी लागायची. माती चढवा, पोपडे लिंपा, चुना मारा. ही दुरुस्ती, तिनं पट्टी वाढत नसे. माळवद उतरवून स्लॅब टाकला की वर्गच बदले आणि आकडाही.

खरी हुज्जत वाढीव खोलीवरून. "भाऊसाहेब, लेकाचं लगीन म्हणून खोली काढली, तिला कसली पट्टी?" यावर नियमात उत्तर होतं, माझ्याकडं नव्हतं. आकारणी चार वर्षांनी. मधल्या काळातली खोली कोणी आपण होऊन सांगत नसे. यादी फलकावर लागली की मात्र हरकतींना गर्दी.

2015 च्या अखेरीस भांडवली मूल्यावर आकारणी आली. जागेचा आणि बांधकामाचा दर, घसारा, वापराचा भारांक. जुन्या घराला वयाची सूट, नव्या स्लॅबला जवळपास नाही. राहत्या खोलीपेक्षा दुकानाचा भारांक जास्त. फर्दापूरला अजिंठ्याचे पर्यटक उतरतात. तिथं ओट्याला शटर लागणं हीसुद्धा कराच्या दृष्टीनं वाढच. मला ही पद्धत न्याय्य वाटते, पण घसारा समजावताना घसा बसायचा.

सोयगावात नगरपंचायत आली आणि तिथला कर 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाखाली गेला. खेड्यांत मात्र वारं वेगळंच फिरलं. नमुना 8 मालकीचा पुरावा नव्हे, तरी कर्जाला, वीजमीटरला त्याचाच उतारा मागतात. खोली लपवणारेच मग कचेरीत येऊन म्हणू लागले, "भाऊसाहेब, वरचा मजला लिहायचा राहिलाय."