सुट्टे, डबा आणि क्यूआर कोड

इतिहास म्हटलं की आपल्याला राजे, लढाया आणि तह आठवतात. आज आपण त्याहून फार लहान गोष्ट घेणार आहोत: कोपऱ्यावरच्या वाण्याकडून पावशेर साखर आणणं. काम तेच राहिलं, पण गेल्या सुमारे ७० वर्षांत पैसे चुकते करण्याची रीत बदलत गेली. त्यात नेमकं काय बदललं, ते बघू.

सुरुवात १ एप्रिल १९५७ पासून करू. तोवर रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पै, म्हणजे एका रुपयात १९२ पै. त्या दिवसापासून रुपयाचे १०० 'नवे पैसे' झाले. चार आण्यांचे बरोबर २५ नवे पैसे होतात. पण एका आण्याचे? सव्वासहा! आता हा पाव पैसा द्यायचा कसा? जुनी-नवी नाणी काही काळ सोबतच चालली. १९६४ मध्ये 'नवे' हा शब्द गेला, पण आणे आपल्या तोंडून गेले नाहीत. 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' आपण आजही म्हणतोच.

मग प्रश्न आला सुट्ट्यांचा. तो तसा जुनाच. महायुद्धात धातू वाचवायला १९४३ पासून भोकाचा पैसा निघाला होता. पुढे महागाईनं लहान नाण्यांची किंमतच खाल्ली आणि ३० जून २०११ नंतर २५ पैसे व त्याखालची नाणी चलनातून बाद झाली. मधल्या काळात वाणी सुट्ट्यांऐवजी हातावर गोळ्या-चॉकलेटं ठेवायचा, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

तिसरा टप्पा २०१६. एप्रिलमध्ये यूपीआय सुरू झालं आणि ८ नोव्हेंबरच्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या. नोटाबंदी याआधीही झाली होती, १९४६ आणि १९७८ मध्ये. पण तेव्हाच्या मोठ्या नोटा सामान्य माणसानं क्वचितच पाहिल्या होत्या. २०१६ मध्ये मात्र मूल्यानं सुमारे ८६ टक्के चलन एका रात्रीत बाद झालं. त्यात डाळीच्या डब्यात, साड्यांच्या घडीत ठेवलेल्या नोटाही आल्या. घरखर्चातून वाचवलेले ते पैसे अनेक बायकांना नवऱ्यासमोर, मुलांसमोर बाहेर काढावे लागले.

आपल्या विषयाचं मर्म इथंच आहे. आणे गेले, पैसे आले, नाणी बदलली. तरी रोखीच्या व्यवहारात माणसं दोनच होती, देणारा आणि घेणारा. क्यूआर कोडनं त्यात तिसरा आणला: नोंद ठेवणारा. भाजीवाल्या मावशींचा यात फायदा आहेच. सुट्ट्यांची कटकट मिटते, पैसे थेट खात्यात जातात. पण खातं नवऱ्याचं आणि फोन मुलाचा असेल, तर घरातल्या बाईचा दहा रुपयांचा गजराही घरात सगळ्यांना दिसतो. डब्याला पासवर्ड नव्हता, पण त्याची नोंदही कुठे नव्हती.

मग रोकड संपली का? नाही. नोव्हेंबर २०१६ आधी चलनात साधारण १७-१८ लाख कोटी रुपयांच्या नोटा होत्या. २०२२ मध्ये हा आकडा ३० लाख कोटींच्या पुढे गेला. म्हणजे नोटा कमी झाल्या नाहीत, त्यांची जागा बदलली. अडीअडचणीसाठी त्या कपाटात आहेत; रोजच्या खरेदीला निघालेल्या माणसाच्या खिशात मात्र कमी दिसतात. आणि ज्या आजींना फोन चालवता येत नाही, त्यांना साखर आणायलाही आता नातवाची वाट बघावी लागते. पूर्वी त्याच आजी नातवाच्या मुठीत चार आणे देऊन त्याला दुकानात पिटाळत, आणि उरलेले पैसे मोजता मोजता पोरगं हिशेब शिकायचं.

घरी गेल्यावर आपल्या आईला, आजीला त्या डब्याबद्दल जरूर विचारा. हा इतिहास कुठल्या दप्तरात सापडायचा नाही. पुढच्या वेळी आपण वाण्याच्या उधारीच्या वहीकडे वळू.