ओतूरचं पत्र

पावसाळ्यात माळशेजला पळणाऱ्या पुणेकरांना ओतूर माहीत असतं ते वाटेवरचं गाव म्हणून. आळेफाट्याला डावीकडे वळायचं, ओतूरला चहा मारायचा, की पुढे घाट. मीही अनेक वेळा असाच गेलोय. पण याच ओतूरहून २० एप्रिल १८७७ या तारखेचं एक पत्र आहे. लिहिणाऱ्या सावित्रीबाई फुले, आणि ज्यांना लिहिलं ते जोतीराव. सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात ते छापलेलं आहे.

सावित्रीबाई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. १८४८ साल, भिडेवाडा, शाळेत जाणारी सतरा वर्षांची शिक्षिका आणि तिच्या अंगावर शेण-दगड फेकणारे लोक. दर ३ जानेवारीला हीच गोष्ट भाषणांमधून येते, आता व्हॉट्सअ‍ॅपवरूनही येते. गोष्ट खरी आहे, पण तिच्यामुळे आपली एक समजूत होऊन बसते. मुलींच्या शिक्षणाला अडथळा म्हणजे सनातनी माणसं. ती हरली, मुली शिकल्या, आज आपल्या क्युबिकलच्या शेजारी बसून कोड लिहितात. विषय संपला!

ओतूरचं पत्र वाचलं की हा विषय इतक्यात संपत नाही.

१८७६ च्या पावसाने दगा दिला आणि दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्याच्या आदल्याच वर्षी, मे १८७५ मध्ये, सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या-खतं जाळली होती. म्हणजे माणसं आधीच कर्जात बुडालेली, त्यात हे संकट. सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ ची. समाजाने ठिकठिकाणी मदतीचं काम उभं केलं आणि त्या कामासाठी सेहेचाळीस वर्षांच्या सावित्रीबाई जुन्नर भागात फिरत होत्या.

पत्रात त्या जे पाहिलं ते सांगतात. वर्ष सरलं तरी दुष्काळ हटत नाही. जनावरं जागेवर कोसळतायत, नद्या-ओढे कोरडे पडलेत, झाडांना पान नाही. लोक गावं सोडून चाललेत. सावकार या परिस्थितीचा फायदा उठवतायत, त्यातून दंगे होतायत. पन्नास सत्यशोधक कार्यकर्त्यांना पकडून नेलं, तेव्हा सावित्रीबाई कलेक्टरला भेटल्या आणि या माणसांवर खोटे आळ का घेतले म्हणून त्याला विचारलं. कलेक्टर माणूस बरा निघाला. त्याने माणसं सोडली, वर चार गाड्या धान्य पाठवलं. १८७७ साली एक शूद्र मानलेल्या जातीतली बाई जुन्नर तालुक्यात गोऱ्या साहेबाला जाब विचारते, हेच मुळात केवढं मोठं!

पण मी अडकलो ते वेगळ्या ठिकाणी. गाव सोडताना काही लोक आपली मुलंबाळं, तरण्या पोरी विकतायत असं त्या लिहितात. एवढंच. जिने आयुष्याची उमेद मुलींना अक्षर शिकवण्यात घातली, तिला तीस वर्षांनी हे पाहावं लागलं. तिथे मुलीला शाळेपासून अडवायला कुणी शेण घेऊन उभं नव्हतं. घरात धान्य नव्हतं, एवढं कारण पुरेसं होतं.

आता जरा पुढे जाऊ. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीरावांनी लेखी निवेदन दिलं. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यातली मागणी प्रसिद्ध आहे. मुलींच्या प्राथमिक शाळा वाढवा, असंही त्यात आहे. त्याच निवेदनात ते आणखी एक गोष्ट सांगतात. कष्टकऱ्यांची मुलं शाळेत येत नाहीत, कारण घरची गरिबी, आणि गुरं राखायला, शेतात राबायला ती लागतात. म्हणून नुसत्या शाळा काढून भागणार नाही, शिष्यवृत्त्या आणि बक्षिसंही द्या. ओतूरच्या पत्रानंतर पाच वर्षांनी आलेला हा विचार आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर फुले दांपत्याला बॉटलनेक कुठे आहे ते कळलं होतं. दार उघडणं ही पहिली पायरी. दारापर्यंत येण्याचा खर्च कोण देणार, हा खरा प्रश्न.

पुढच्या सगळ्या कायद्यांनी दाराचाच जास्त विचार केला, आणि तोही बेताबेताने. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. त्यात सक्ती आधी मुलांना, मुलींचं नंतर बघू असा हिशेब होता. तेवढंही सरकारला झेपलं नाही, १९१२ मध्ये ते फेटाळलं गेलं. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा केलं. १९७८ मध्ये ते अठरा झालं. शिक्षण हा मूलभूत हक्क व्हायला २००२ ची घटनादुरुस्ती लागली, त्याचा कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. हा हक्क कोणाला? सहा ते चौदा वयाच्या मुलांना.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. शिक्षणाचा हक्क चौदाला संपतो. लग्नाचं वय अठराला सुरू होतं. मधली चार वर्षं मुलगी कुठे असते? कायद्याच्या दृष्टीने ती शाळेत असलीच पाहिजे असं नाही, आणि लग्न झालेलंही चालत नाही. मुलगी शाळेत नसेल तर घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात, हे सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत ही चार वर्षं नकाशावर दाखवता येतात. दोन्ही तालुक्यांचे सरळ दोन भाग आहेत. पूर्वेला हायवे, कालवे, द्राक्षं, टोमॅटो, साखर कारखाने. पश्चिमेला सह्याद्रीचा माथा, महादेव कोळ्यांच्या वाड्या, भात, नाचणी आणि हिरडा. आंबेगाव तालुक्याला ज्याचं नाव आहे ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. पश्चिमेच्या वाडीत जिल्हा परिषदेची शाळा असते, पण बहुतेक ठिकाणी ती चौथीपर्यंत, फार तर सातवीपर्यंत. पुढे आहुपे, गोहे अशा ठिकाणच्या सरकारी आश्रमशाळा. आणि मोठी कॉलेजं? घोडेगाव, मंचर, जुन्नर, ओतूर. म्हणजे मुलीचं वय जसं वाढतं तशी शाळा पूर्वेला सरकत जाते, आणि नेमक्या याच वयात घरच्यांना तिला लांब पाठवायची भीती वाटू लागते.

माझी आजी मंचरकडची. चौथी पास. पुढची शाळा दुसऱ्या गावात होती आणि वाटेत ओढा होता. "आमचे वडील शिक्षणाच्या विरोधात नव्हते रे," ती सांगायची, "पण रोज न्यायला-आणायला माणूस कुठून आणायचा?" तिच्या वडिलांना सनातनी म्हणावं तर ते माळकरी, गरीब शेतकरी. व्हिलन शोधायला गेलं तर हाती ओढा लागतो.

आता ओढ्यांवर पूल झालेत. पण हिशेब तोच आहे. संध्याकाळची एसटी चुकली तर काय? हॉस्टेलला जागा मिळाली नाही तर खोली घेऊन कोण राहणार? भातलावणीच्या दिवसांत, हिरड्याच्या मोसमात, किंवा आई-बाप पूर्वेकडे मजुरीला गेले की धाकट्या भावंडांना कोण सांभाळणार? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर घरात ठरलेलं असतं. भाऊ असेल तर त्याची शाळा सुटत नाही, बहिणीची सुटते. म्हणजे आपला जुना सनातनी विचार पूर्ण गेलेला नाही. पैसा, वेळ किंवा एसटी कमी पडली की तो हळूच काम करतो.

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं अन्याय होईल. महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंत फी नाही. खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे. २०२४-२५ पासून, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांची फीसुद्धा माफ झाली, त्यात इंजिनिअरिंगही आलं. उत्तमच. पण ही माफी बारावी सायन्स झालेल्या मुलीला मिळते. जी आठवीनंतर घरी बसली तिच्यापर्यंत ती पोहोचतच नाही. पास मोफत आहे, पण वाडीत गाडी आलीच नाही तर तो पास कुठे दाखवायचा? दुसऱ्या हाताने २०१७ च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करायचं सरकारने ठरवलं होतं. स्प्रेडशीटवर हे अगदी बरोबर दिसतं, एका मुलामागे खर्च किती वगैरे. पण शाळा दोन-तीन किलोमीटर लांब गेली की पहिलं गळणारं मूल कोणतं, हा कॉलम त्या स्प्रेडशीटमध्ये नसतो.

माझं म्हणणं साधं आहे. हक्क अठरा वर्षांपर्यंत न्या, म्हणजे शिक्षण आणि लग्न यांच्यात मोकळी जागा उरणार नाही. आणि हॉस्टेलमधली सुरक्षित जागा, वेळेवर येणारी एसटी, धाकट्यांसाठी पाळणाघर यांना 'सवलत' म्हणणं बंद करून त्याच हक्काचा भाग म्हणा. यात क्रांतिकारक काही नाही. शाळेसोबत शिष्यवृत्ती द्या, हे १८८२ सालीच सांगून झालंय.

भिडेवाड्याची जुनी इमारत डिसेंबर २०२३ मध्ये पाडली गेली, तिथे स्मारक व्हायचं आहे. ते व्हायलाच हवं. पण ओतूरचं पत्रही तितकंच आपलं आहे, आणि ते शाळेच्या पुस्तकात असतं तर मुलींच्या शिक्षणाबद्दल आपण थोडा वेगळा विचार केला असता असं मला वाटतं.

असो. पत्र लहानसं आहे, दहा मिनिटांत वाचून होतं. पुढच्या वेळी माळशेजला जाल तेव्हा ओतूरला चहा घेताना वाचा.