रणगाडा संग्रहालय, अहिल्यानगर

भारतीय लष्कराच्या चिलखती दलाचे युद्धेतिहासविषयक संग्रहालय. महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराच्या लष्करी छावणीच्या परिसरात ते आहे. चिलखती दल केंद्र व प्रशाला या प्रशिक्षण संस्थेने ते उभारले. त्याचे उद्‌घाटन तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिनचंद्र जोशी यांच्या हस्ते फेब्रुवारी १९९४ मध्ये झाले. अशा प्रकारचे आशियातील एकमेव संग्रहालय अशी त्याची ख्याती आहे.

सुमारे पन्नास रणगाडे व चिलखती गाड्या उघड्या आवारात मांडल्या आहेत. त्यांतील सर्वांत जुनी रोल्स रॉईस सिल्व्हर घोस्ट ही चिलखती मोटार. तिच्यापासून विजयंता या देशी रणगाड्यापर्यंत पाहत गेल्यास घोडदळाचे यांत्रिक दलात झालेले रूपांतर टप्प्याटप्प्याने उलगडते. १९३८ मध्ये सिंद हॉर्स या रेजिमेंटने घोडे सोडून रणगाडे स्वीकारले; त्याच्या स्मरणार्थ १ मे हा चिलखती दल दिन म्हणून पाळला जातो.

दुसऱ्या महायुद्धातील दोन्ही बाजूंची वाहने येथे शेजारी शेजारी दिसतात. मटिल्डा, व्हॅलेंटाईन आणि चर्चिल हे ब्रिटिश रणगाडे, तर हा-गो व चि-हा हे जपानी रणगाडे. अमेरिकी बनावटीचा स्टुअर्ट भारतीयांना विशेष परिचित आहे. नोव्हेंबर १९४८ मध्ये काश्मीरच्या युद्धात ७ लाइट कॅव्हलरीने हेच हलके रणगाडे सुमारे साडेअकरा हजार फूट उंचीच्या झोजिला खिंडीत चढवले आणि लडाखचा मार्ग मोकळा केला.

नंतरच्या भारत-पाकिस्तान युद्धांची साक्ष पॅटन व सेंच्युरियन हे रणगाडे देतात. पॅटन हा त्या काळी पाकिस्तानचा सर्वांत प्रभावी रणगाडा होता. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरण क्षेत्रातील असल उत्तर येथे ऊसशेतांत दबा धरलेल्या भारतीय रणगाड्यांनी पॅटनच्या तुकड्यांचा धुव्वा उडवला. भारताकडील सेंच्युरियनशी दोन परमवीरचक्र विजेत्यांची नावे जोडलेली आहेत. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल आर्देशिर तारापोर १९६५ च्या फिल्लोरा-चविंडा क्षेत्रातील लढाईत कामी आले. त्याच रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत वयाच्या एकविसाव्या वर्षी हुतात्मा झाले. त्यांचा ‘फामागुस्ता’ हा रणगाडा चिलखती दल केंद्रात जतन केला आहे. चेन्नईजवळील आवडी येथे तयार झालेला विजयंता हा देशी रणगाडा-उत्पादनाच्या आरंभाचा नमुना होय.

आतील स्मृतिदालनात चिलखती दलाच्या शौर्याचा इतिहास मांडला आहे. लष्करी हद्दीत असूनही संग्रहालय प्रवेशशुल्क घेऊन सर्वसामान्यांसाठी खुले असते. अहमदनगरचा किल्ला छावणीलगतच असल्याने ही दोन्ही स्थळे एका भेटीत पाहता येतात.